ओल्या लाकडाची घरे



या व्याख्यानमालेत आपण राजांचा, संतांचा आणि ग्रंथांचा इतिहास पुष्कळ ऐकला आहे. मी आज लाकडाचा इतिहास सांगणार आहे. आणि तोही चांगल्या वाळलेल्या लाकडाचा नव्हे, तर नुकत्याच तोडलेल्या, अंगात ओल असलेल्या लाकडाचा. विषय ऐकून काहींना हसू येईल. चुलीत घातले तर धूर आणि दाराला लावले तर वाकडे दार, एवढीच ओल्या लाकडाची आपल्याकडे कीर्ती. परंतु इंग्लंड-फ्रान्समधली सातशे-आठशे वर्षे उभी असलेली धान्याची कोठारे, सभागृहे आणि प्रार्थनामंदिरांची छपरे बहुतेक याच ओल्या लाकडाची आहेत. असे का झाले, आणि पुढे ही विद्या का मागे पडली, याचा विचार आपण करू.

मी कामगार संघटनेचा माणूस. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. जे वाचले ते सभा आटोपल्यावर, रात्री. त्यामुळे जुनी इमारत पाहिली की ती कोणत्या राजाने बांधवली हे मला फारसे सुचत नाही. ती प्रत्यक्ष बांधली कोणी, आणि तिचे सामान कोणाच्या मालकीचे होते, हे दोन प्रश्न प्रथम मनात येतात. आजचे व्याख्यान याच दोन प्रश्नांच्या धाग्याने पुढे जाईल.

प्रथम लाकडाचा स्वभाव पाहू. उभ्या झाडात पाणी भरलेले असते. नुकत्याच तोडलेल्या ओकच्या एका घनफुटाचे वजन तीस किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाण्याइतके भरते. तेच लाकूड पुरते वाळले म्हणजे वीस किलोच्या आसपास येते. हे पाणी दोन ठिकाणी असते. काही तंतूंच्या पोकळीत मोकळे असते, काही तंतूंच्या भिंतींत मुरलेले असते. मोकळे पाणी निघून गेले तरी लाकडाचा आकार बदलत नाही. भिंतींतले पाणी जाऊ लागले की लाकूड आक्रसते, आणि ते सर्व बाजूंनी सारखे आक्रसत नाही. लांबीत जवळजवळ मुळीच नाही; गाभ्यापासून सालीकडे थोडे; वर्तुळांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. बारा इंच रुंदीची तुळई अर्ध्या इंचाच्या आसपास बारीक होते. लाकडाला चिरा पडतात, पीळ पडतो, त्याचे कारण हे.

मग आधी वाळवून का घेऊ नये? येथे हिशेब आडवा येतो. ओकच्या फळीला उघड्या हवेत वाळायला, जाडीच्या दर इंचास एक वर्ष, असा सुतारांचा ढोबळ आडाखा आहे. एक इंची फळी वर्षभरात तयार होते. बारा इंची तुळईला दहा-बारा वर्षे लागायची. घर जळाले, कुटुंब वाढले किंवा पीक ठेवायला कोठार हवे असले, तर शेतकऱ्याने दहा वर्षे थांबायचे कोठे? आणि लाकूड दहा वर्षे रचून ठेवायचे म्हणजे त्यात गुंतलेला पैसाही दहा वर्षे निजून राहणार. तो राजाच्या किंवा मोठ्या व्यापाऱ्याच्या वखारीत निजू शकतो, गरिबाच्या अंगणात नाही. शिवाय वाळलेला ओक इतका कठीण होतो की हातहत्याराची धार त्यावर टिकत नाही. ओला ओक मात्र पटाशीखाली मुकाट्याने कापला जातो. हाताने काम करणाऱ्या माणसाला हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही.

म्हणून जुन्या सुताराने कामाचे दोन भाग केले. दारे, पेट्या, बाके, तक्तपोशी यांना वाळलेले लाकूड. आणि खांब, तुळया, वासे, कैच्या, म्हणजे इमारतीचा सांगाडा, ओल्या लाकडाचा. सांगाडा उभा राहायचा, त्याखाली संसार सुरू व्हायचा आणि लाकूड जागच्या जागी वर्षानुवर्षे वाळत राहायचे. घर हीच त्याची वखार.

पण हे जमायला लाकूड पुढे कसे वागणार हे आधी ओळखावे लागते. येथे सुताराची बुद्धी दिसते. तो झाड करवतीने उगीच चिरीत नसे. गरजेएवढ्याच जाडीचे झाड निवडून, कुऱ्हाडीने चारही बाजूंनी तासून, गाभा मध्यावर ठेवून चौकोनी करी. कुऱ्हाड तंतूच्या वळणाने जाते, त्यामुळे तंतू तुटत नाहीत, आणि गाभा मध्यावर राहिला म्हणजे आक्रसणे चहूकडून सारखे होते. चीर पडते, पण तुळई सहसा वाकडी होत नाही.

दुसरी युक्ती सांध्याची. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्यात खाच पाडून ती जीभ बसवायची आणि दोन्हींतून आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची, ही रीत आपल्या सुतारांनाही ठाऊक आहे. यात खुबी अशी की जिभेतले भोक खाचेच्या भोकासमोर नेमके पाडीत नसत. सुमारे एक सूत सांध्याच्या खांद्याकडे सरकवीत. वाळलेल्या ओकची चिवट खुंटी त्या वाकड्या वाटेने ठोकली की ती सांधा आत खेचून घेते. पुढे लाकूड आक्रसले तरी खुंटीचा ताण सुटत नाही. म्हणजे सांगाडा ओला, पण खुंटी वाळलेली. ओकमध्ये टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते आणि ते ओल्या लाकडात लोखंडाला खाते. म्हणून खिळ्यापेक्षा लाकडी खुंटीच टिकाऊ ठरली.

तिसरी गोष्ट आकड्यांची. प्रत्येक लाकूड आपापल्या वळणाचे, त्यामुळे प्रत्येक सांधा त्या जोडीपुरताच बसे. संपूर्ण सांगाडा आधी जमिनीवर जुळवीत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकडे कोरीत, मग सुटा करून गाड्यांवर लादीत आणि जागेवर पुन्हा उभा करीत. रोमन आकडे सरळ रेघांचे. पटाशीला ते सोपे. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही हे आकडे कळत. आज जुन्या छपरात चढून पाहिले तर ते दिसतात. त्या कारागिरांपैकी बहुतेकांचे नाव कोठे नाही. त्यांची सही म्हणजे हे आकडे.

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात क्रेसिंग टेंपल येथे तेराव्या शतकातली दोन अवाढव्य कोठारे आहेत. एक जवाचे, दुसरे गव्हाचे. टेंपलर या लढवय्या धर्मसंघाला ही जमीन ११३७ मध्ये मिळाली होती. कोठारे त्यांच्या अमलात उभी राहिली आणि संघ बुडून गेल्यावर शतकानुशतके धान्य साठवीत राहिली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे छप्पर तर त्याहून मोठे. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळी, १३९३ पासून, ह्यू हर्लंड नावाच्या सुताराने सुमारे ६८ फूट रुंदीचे दालन मध्ये एकही खांब न ठेवता झाकले. त्याचा सांगाडा लंडनमध्ये नव्हे, तर सरे परगण्यातल्या फार्नहॅमजवळ, रानाच्या शेजारी जुळवला गेला आणि १३९५ मध्ये गाड्यांनी व पुढे टेम्स नदीतून नावांनी लंडनला आणला गेला.

हे लाकूड ओलेच वापरले याला पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा लाकडातच आहे. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वर्तुळ वाढते. चांगल्या वर्षी जाड, वाईट वर्षी बारीक. या वर्तुळांच्या क्रमावरून, साल लागून असलेली कड शिल्लक असेल तर, झाड कोणत्या वर्षी आणि पुष्कळदा कोणत्या ऋतूत तोडले तेही सांगता येते. अशी कित्येक छपरे तपासून त्यांची तोडीची वर्षे बांधकामाच्या लेखी वर्षांशी ताडून पाहिली, तेव्हा बहुधा दोन्हींत एक-दोन वर्षांचेच अंतर निघाले. आज जुन्या इमारतींचे वय या रीतीने ठरवता येते, ते पूर्वजांनी लाकूड वाळवीत ठेवले नाही म्हणूनच.

येथवर पहिला प्रश्न झाला: बांधले कोणी. आता दुसरा: झाड कोणाचे?

ओल्या लाकडाने बांधायचे तर झाड जवळ हवे. पाण्याने जड झालेली तुळई दूरवर वाहून नेणे महागात पडते. म्हणून गावकऱ्याचे घर त्याच्या बांधावरच्या, कुंपणावरच्या किंवा गावरानातल्या झाडांचे असे. सफोक परगण्यात स्टँटन येथे सन १५०० च्या सुमाराचे एक शेतघर आहे. ऑलिव्हर रॅकहॅम या अभ्यासकाने त्यातली लाकडे मोजली, तेव्हा तीनशेहून अधिक झाडे निघाली, आणि त्यांतली पुष्कळशी अगदी सडसडीत. वनराज तोडून आणलेले नव्हते. रानातले बेताचे झाड तोडायचे, दुसरे वाढू द्यायचे, अशी ही वहिवाट होती. इंग्लंडच्या कुळांना घर दुरुस्तीपुरते लाकूड, नांगरापुरते लाकूड, कुंपणापुरते आणि सरपणापुरते लाकूड घेण्याचे वेगवेगळ्या नावांचे हक्क होते. हे हक्क सर्वत्र सारखे नव्हते. पुष्कळ ठिकाणी मोठे वृक्ष जमीनदाराचे आणि कुळाला फक्त फांद्या, असाही रिवाज होता. तरी हक्क होता, आणि त्यासाठी लोक भांडत होते.

राजालाही लाकूड लागे. किल्ल्याला, पुलाला, जहाजाला. त्याचे अधिकारी येऊन दुसऱ्याच्या जमिनीवरचे झाड तोडून नेत. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत इतर मोठमोठ्या गोष्टींबरोबर एक साधे कलम आहे: राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्यांनी किल्ल्यासाठी अथवा अन्य कामासाठी मालकाच्या संमतीवाचून कोणाचे लाकूड घेऊ नये. दोनच वर्षांनी, १२१७ मध्ये, रानाची स्वतंत्र सनद निघाली. राजाच्या राखीव रानाच्या हद्दीत ज्यांची जमीन होती त्यांना आपल्या जमिनीचा उपयोग करण्याची मोकळीक तीत मिळाली, आणि राजाचे हरीण मारल्याबद्दल कोणाचा जीव किंवा अवयव घेतला जाणार नाही असे ठरले.

हे वाचताना मराठी माणसाला आपले आज्ञापत्र आठवल्याशिवाय राहत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या राजनीतीच्या ग्रंथात आरमाराच्या लाकडाचे प्रकरण आहे. सागासारखी झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत; कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची, पण त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर मालकाला राजी करून, त्याचे मोल देऊन तोडावे. सारांश असा. एक सनद सरदारांनी राजाकडून लिहून घेतली, दुसरा उपदेश राज्याच्याच एका प्रधानाने लिहिला, हा फरक लहान नाही. परंतु दोन्हींवरून एक अनुमान निघते. ज्याची मनाई करावी लागते ते चालू असतेच. रयतेचे झाड राजाच्या कुऱ्हाडीखाली जात होते, एरवी कोणी ही वाक्ये लिहिली नसती.

पुढे आरमारे वाढली आणि राजाची भूकही वाढली. इंग्लंडला ओक पुरेनासा झाला. नेपोलियनशी लढाई चालू असता तेथील गोद्यांत जहाजे घाईने, मिळेल त्या लाकडाने बांधली गेली. १८१० मध्ये डेप्टफर्ड येथे पाण्यात सोडलेले ‘क्वीन शार्लट’ हे प्रचंड लढाऊ जहाज समुद्रावर कामगिरीला जाण्यापूर्वीच बुरशीने कुजले आणि त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली. ओल्या लाकडाला नावे ठेवणारे हाच दाखला देतात. पण कोठार टिकले आणि जहाज कुजले, याचे कारण लाकडापेक्षा हवेत आहे. कोठाराच्या छपरातून वारा खेळतो. लाकडातली ओल सावकाश बाहेर जाते. जहाजाच्या पोटात, दोन फळ्यांच्या मध्ये, ओल कोंडून राहते आणि बुरशीला तेवढेच हवे असते. नव्या इमारतीत कंत्राटदाराने ओल्या लाकडाची दारे बसवली आणि ती पुढे चौकटीत अडकू लागली, तर तो दोष जुन्या सुताराच्या विद्येचा नव्हे. ती विद्या गाळून फक्त तिची घाई उचलण्याचा तो दोष आहे.

ओकची ही टंचाई आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी जहाजे बांधली जात. १८१० चे ‘मिंडेन’, १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमारासाठी बांधलेली जहाजे मुंबईचीच. ‘ट्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. सागाची रीत ओकहून उलटी. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून मलबारात आणि ब्रह्मदेशात उभ्या झाडाची साल व खालचे पांढरे लाकूड गोल कापून ते झाड दोन-तीन वर्षे उभ्यानेच वाळवीत आणि मग तोडून नदीतून तरंगत आणीत. दोन-तीन वर्षे उभ्या झाडावर पैसा थांबवून ठेवणे कंपनी सरकारला परवडत होते. झाडाच्या मालकाला मात्र विचारले गेले नाही. १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन याला जंगलांचा अधिकारी नेमले आणि पुढच्याच वर्षी जाहीरनामा काढून खासगी जमिनीवरचा सागही कंपनीच्या ताब्यात घेतला. मालकांनी आणि व्यापाऱ्यांनी इतकी ओरड केली की १८२३ मध्ये, मद्रासचा गव्हर्नर मन्रो याच्या कारकीर्दीत, हा मक्ता मोडावा लागला.

पण मक्ता गेला तरी विचार गेला नाही. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलांभोवती नवी कुंपणे उभी राहिली. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने रयतेचे चराई-लाकूड कसे हिरावले याची तक्रार सडेतोडपणे मांडली आहे. ठाण्याकडे असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावे लागले. पुढे स्वराज्य आले. १९६४ च्या कायद्याने महाराष्ट्रात साग, आंबा, फणस यांसारखी झाडे स्वतःच्या जमिनीवरची असली तरी परवानगीवाचून तोडू नयेत असे ठरले. ठेकेदारांच्या कुऱ्हाडीपासून झाडे वाचवायला असा कायदा लागतो, हे मी मान्य करतो. पण झाड लावणारा आणि झाड विकत घेऊन वखारीत भरणारा या दोघांना कायद्याने एकाच नजरेने पाहू नये, एवढे आज्ञापत्रकर्त्याला कळले होते.

हक्क गेला म्हणजे विद्याही जाते. रानाशी संबंध तुटला, लाकूड वखारीतून चिरून, मोजून येऊ लागले, आणि उभे झाड पाहून त्यात तुळई ओळखणारा डोळा निकामी झाला. हा डोळा किती मोलाचा होता हे जगाला अगदी अलीकडे कळले.

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम प्रार्थनामंदिराला आग लागली आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातले ओकचे छप्पर एका रात्रीत नाहीसे झाले. त्या छपराला लोक ‘अरण्य’ म्हणत. लगेच वाद सुरू झाला. कोणी म्हणाले, एवढे वृक्ष फ्रान्समध्ये आता नाहीत. कोणी म्हणाले, लाकूड वाळायलाच कित्येक वर्षे जातील. लोखंडाचे किंवा काँक्रीटचे छप्पर घाला. त्याला आधारही होता. शार्त्रचे प्रार्थनामंदिर १८३६ मध्ये जळाल्यावर तेथे लोखंडी छप्पर घातले होते आणि पहिल्या महायुद्धानंतर रँसला काँक्रीटचे. परंतु फ्रेडेरिक एपो या संशोधकाने दाखवून दिले की जुने सुतार लाकूड वाळवीत बसलेच नव्हते, आणि त्यांना राक्षसी वृक्षही लागले नव्हते. हजारभर ओक, तेही बहुतेक तरुण, उंच आणि सडसडीत, आणि तोडल्यावर ओलेच वापरलेले. नशिबाने २०१४ मध्ये दोन वास्तुविशारदांनी त्या छपराची लाकडे मोजून तपशीलवार नकाशे करून ठेवले होते.

तरी कागदावरचा युक्तिवाद पुरेसा नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये ‘सीमा न मानणारे सुतार’ असे नाव घेतलेल्या एका कारागीर संघाने जुन्या छपरातल्या एका कैचीची तंतोतंत प्रतिकृती हाताने तासून तयार केली आणि नोत्र-दामच्या पुढील पटांगणात दोरखंडांनी उचलून उभी केली. शंका घेणाऱ्यांना हे उत्तर होते, आणि ते हातांनी दिलेले होते. जुन्या रूपातच बांधायचे, असा निर्णय त्या आधीच जुलैत झाला होता. सुमारे दोन हजार ओक सरकारी, गावांच्या आणि खासगी जंगलांतून देणगी म्हणून आले. पहिली तोड २०२१ च्या आरंभी, झाडात रस चढण्यापूर्वी उरकली. मनोऱ्याच्या मोठ्या लाकडांना वर्ष-दीड वर्ष वाळवण दिली गेली. परंतु मुख्य छपराच्या तुळया ओल्याच, कुऱ्हाडीने तासल्या गेल्या. त्यासाठी जुन्या घडणीच्या कुऱ्हाडी लोहारांकडून मुद्दाम घडवून घेतल्या. मार्च २०२४ पर्यंत मुख्य दालनाचे छप्पर उभे राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर लोकांना खुले झाले.

मंडळी, वाळलेले लाकूड हे पैशाचे काम आहे. ज्याच्याजवळ थांबण्याची ऐपत आहे त्याचे. ओले लाकूड हे हक्काचे आणि हुन्नराचे काम आहे. झाडावर हक्क हवा आणि हातात हुन्नर हवा. दोन्ही असले तर गरिबाचे कोठारही शतकानुशतके टिकते. हक्क काढून घेतला की हुन्नराला काम उरत नाही, आणि काम नसलेला हुन्नर एका पिढीत मरतो. फ्रान्समध्ये तो पुरता मेला नाही, कारण काही थोड्या सुतारांनी, कोणी विचारीत नसतानाही, कुऱ्हाड खाली ठेवली नव्हती. राष्ट्रावर प्रसंग आला तेव्हा धनिकांनी पैसा दिला आणि सरकारने हुकूम दिला. पण ओल्या झाडातून तुळई काढायची कशी हे सांगायला सुतारालाच बोलवावे लागले.

आपल्या गावांत वाकस, पटाशी आणि गिरमिट घेऊन बसणारे म्हातारे सुतार अजून आहेत. फणसाची तुळई कोणत्या बाजूने वर ठेवावी, कोणत्या झाडाला पीळ आहे, कोणते लाकूड पाण्यात टिकते, हे त्यांना सांगता येते. त्यांच्याकडे वही नाही. आपण त्यांना प्लायवूड कापण्याच्या रोजंदारीवर लावले आहे. माझी या नगरातल्या सुशिक्षितांना एवढीच विनंती आहे की त्यांच्याजवळ बसून हे ज्ञान लिहून घ्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना त्यांच्या विद्येचे काम द्यावे, त्याची रास्त मजुरी द्यावी.